‘केअरटेकर पाहिजे’ असं लिहिण्याआधी

माझ्याकडे सकाळच्या पाळीला येणाऱ्या मुलीला शेजारीपाजारी, नातेवाईक आणि दवाखान्यातले लोक मिळून किती नावांनी ओळखतात! आया, बाई, सिस्टर, अटेंडंट, केअरटेकर, आणि ज्यांना काहीच सुचत नाही त्यांच्यासाठी ‘तुमची ती मुलगी’. तिच्या नेमणूकपत्रावर ‘व्यक्तिगत सहाय्यक’ असं छापलंय. ते नाव आम्ही दोघींनी कामांची यादी समोर ठेवून ठरवलं. मानेच्या मणक्याला इजा झाल्यापासून मी व्हीलचेअर वापरते आणि घरून हिशेब तपासणीचं काम करते. माणसं नेमणं, शिकवणं, पाळ्या लावणं, पगार वेळेवर करणं हेही माझ्याकडेच आहे. त्यामुळे जाहिरात लिहायची वेळ आली की ओळखीतले लोक मला विचारतात, "अगं, काय लिहू? केअरटेकर लिहू की हेल्पर?"

माझं उत्तर ठरलेलं असतं: दोन्ही राहू दे, आधी काम सांग.

पदनाम हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही. कोण अर्ज करेल, आलेला माणूस कशाला नाही म्हणेल, पगार किती मागेल आणि उद्या दुसरीकडे गेला तर त्याच्या अनुभवाला कुणी विचारेल की नाही, हे सगळं त्या दोन शब्दांवर बरंच अवलंबून असतं. ‘पेशंटसाठी बाई पाहिजे’ असं लिहिलं की येणारी बाई पेशंट शोधत येते. मी लॅपटॉपवर काम करताना दिसले की ती बावचळते, आणि जरा वेळाने मला झोपवायला बघते.

आधी क्रियापदं

कागद घ्या, किंवा माझ्यासारखं बोलून फोनला लिहायला लावा. कालच्या दिवसात दुसऱ्या माणसाचे हात, डोळे, कान किंवा डोकं कुठे कुठे लागलं ते क्रियापदांत उतरवा. ‘देखभाल’, ‘सेवा’, ‘सांभाळणं’ हे शब्द त्या कागदावर येऊच द्यायचे नाहीत. त्यांच्या पोटात काहीही मावतं आणि भांडणं तिथूनच सुरू होतात.

काही सुटायला नको म्हणून दोन जुन्या याद्या हाताशी ठेवाव्यात. सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली रोजच्या क्रियांचं एक माप मांडलं. त्यात सहा गोष्टी आहेत: अंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, एका जागेवरून उठून दुसरीकडे बसणं, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवणं. १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी यांनी त्यापुढच्या आठ कामांचं माप दिलं: फोन वापरणं, खरेदी, स्वयंपाक, घर आवरणं, कपडे धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं आणि पैशांचे व्यवहार. दोन्ही मापं म्हाताऱ्या माणसांची तपासणी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहेत आणि ते जाणवतं. त्यात नोकरी नाही, मीटिंग नाही, मतदान नाही, मैत्रिणीबरोबर सिनेमाला जाणं नाही, स्वतःच्या मुलाचा अभ्यास घेणं नाही. प्रौढ माणसाचं निम्मं आयुष्य तर याच कामांत जातं. तेव्हा त्या चौदा ओळींखाली रेघ मारा आणि तिसरी यादी स्वतःची करा.

आता एकेक ओळ फोडायची. माझ्या यादीत ‘पलंगावरून खुर्चीत’ अशी ओळ आहे. फोडल्यावर ती अशी दिसते: खुर्ची पलंगाला तिरकी लावायची, दोन्ही ब्रेक लावून एकदा हलवून बघायची, फूटरेस्ट बाजूला करायचे, पलंगाकडचा आर्मरेस्ट काढायचा. मला काठाशी बसवून तोल सावरून धरायचा, कारण माझं धड आपणहून ताठ राहत नाही. ट्रान्सफर बोर्डचं, म्हणजे सरकून जायच्या गुळगुळीत फळीचं, एक टोक मांडीखाली सारायचं, दुसरं खुर्चीच्या गादीवर. मी ‘तीन’ म्हणेपर्यंत हलवायचं नाही. खुर्चीत आल्यावर पँटची शिवण किंवा चुणी खाली दबलेली नाही ना, हे हात घालून बघायचं. ही शेवटची पायरी नव्या माणसाला हमखास फालतू वाटते. पण जिथे मला काही जाणवतच नाही तिथे एक चुणी दिवसभर रुतून राहिली तर बेडसोअर होतो, आणि तो भरून यायला महिने लागू शकतात.

यादी एवढी बारीक केली की काही कामांचं वजन आपोआप कळतं. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा त्याच्या वर मज्जारज्जूला इजा असलेल्यांना ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया होण्याची भीती असते. मूत्राशय तुंबलं किंवा कॅथेटरची, म्हणजे लघवी बाहेर नेणारी, नळी दुमडली एवढंही कारण पुरतं. रक्तदाब एकदम चढतो, डोकं ठणकायला लागतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला आडवं करायचं नसतं. ताठ बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी कुठे अडकलीय का ते बघायचं, आणि तेवढ्याने उतार पडला नाही तर क्षणही न दवडता वैद्यकीय मदत बोलवायची. एवढं ज्याला ठाऊक असावं लागतं त्याच्या ओळखपत्रावर ‘हेल्पर’ लिहिणं मला तरी पटत नाही. आणि केवळ पटत नाही म्हणून नव्हे: हेल्पर म्हणून आलेला माणूस हे शिकायचं आपलं काम आहे असं मानतच नाही.

सूत्रं कोणाच्या हातात

कामं लिहून झाली की दुसरा प्रश्न. काय, कधी, कसं करायचं हे कोण सांगणार? पदनामाचा खरा निकाल इथे लागतो. कामं तीच असली तरी या प्रश्नाचं उत्तर बदललं की नाव बदलतं.

पॅरालिंपिकमध्ये बोचिया नावाचा खेळ आहे. त्यातल्या बीसी३ गटातले खेळाडू चेंडू हाताने फेकू शकत नाहीत, रॅम्पवरून सोडतात. रॅम्प डावीकडे-उजवीकडे हलवायला त्यांच्यासोबत एक सहाय्यक असतो, आणि नियम असा आहे की डाव चालू असताना त्याने मैदानाकडे पाठ करून राहायचं. खेळाडू सांगेल तेवढाच रॅम्प हलवायचा. चेंडू कुठे पडला ते वळून बघायचं नाही. व्यक्तिगत सहाय्यक म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं असेल तर मी हाच खेळ दाखवते.

तर, सूचना अपंग व्यक्ती स्वतः देत असेल, माणूस तिनेच निवडला असेल, वेळा तिच्या सोयीने ठरत असतील, तर ‘व्यक्तिगत सहाय्यक’ किंवा ‘पर्सनल असिस्टंट’ लिहा. या नावामागे मोठी चळवळ आहे. अमेरिकेत बर्कली इथे १९७२ साली एड रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांनी सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं केलं. रॉबर्ट्स यांना पोलिओ झालेला होता आणि श्वासाला यंत्राचा आधार लागायचा. त्या चळवळीतली माणसं आपले अटेंडंट आपण निवडायची आणि आपणच शिकवायची. स्वीडनने १९९३ साली कायदा केला आणि १ जानेवारी १९९४ पासून व्यक्तिगत सहाय्य हा तिथल्या पात्र अपंग व्यक्तींचा हक्क झाला. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या १९व्या कलमात या सहाय्याचा नावानिशी उल्लेख आहे. त्या करारावर देखरेख करणाऱ्या समितीने २०१७ साली सामान्य टिप्पणी क्रमांक ५ काढून त्याचे निकष सांगितले: पैसा त्या व्यक्तीच्या गरजेप्रमाणे आणि तिच्या ताब्यात, सेवेवर तिचं नियंत्रण, एका व्यक्तीसाठी एक सहाय्यक असं नातं, आणि व्यवस्थापन किती अंगावर घ्यायचं हे तिच्या मर्जीवर. शेवटचा निकष फार कामाचा आहे. पगारपत्रक दुसऱ्या कुणी सांभाळलं म्हणून सूत्रं हातातून जात नाहीत.

या नावाची एकच अडचण: ‘पीए पाहिजे’ लिहिलं की टंकलेखन, फायलिंग आणि साहेबांच्या भेटीगाठी सांभाळण्याचा अनुभव असलेल्यांचे अर्ज येऊन पडतात. उपाय सोपा आहे. नावाला शेपूट जोडा: ‘व्यक्तिगत सहाय्यक, व्हीलचेअर वापरणाऱ्या महिलेसाठी’. एवढ्याने गर्दी छाटली जाते.

मदत एखाद्या संस्थेमार्फत येत असेल, एकच माणूस चार-पाच जणांना साथ देत असेल, किंवा कामात शिकवणं, सराव करून घेणं, निर्णय समजून घ्यायला मदत करणं जास्त असेल, तर ‘सपोर्ट वर्कर’ किंवा मराठीत ‘सहाय्य कार्यकर्ता’ बसतं. समूहगृहात राहणाऱ्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढांसोबत काम करणारे बरेचदा या गटात येतात. मात्र बौद्धिक अपंगत्व आहे म्हणजे सूत्रं आपोआप दुसऱ्याच्या हातात, असं धरून चालू नका. मघाच्याच टिप्पणीत समितीने म्हटलंय की निर्णयाला आधार लागणाऱ्या व्यक्तींनाही व्यक्तिगत सहाय्य मिळू शकतं. आज बाजारातून काय आणायचं हे चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून सांगणारा माणूसही सूचनाच देत असतो.

‘केअरगिव्हर’, मराठीत ‘काळजीवाहक’, हे नाव सगळ्यात सैल आहे. भारताच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये त्याची व्याख्या आहे: काळजी, आधार किंवा सहाय्य देणारी कोणतीही व्यक्ती, मोबदला घेऊन वा न घेता, आणि त्यात आईवडील व घरचे लोकही आले. म्हणजे पगारावर ठेवलेल्या माणसाचं आणि आईचं नाव एकच. सरकारी कामासाठी ते ठीक आहे. याच कायद्याच्या २४व्या कलमात, जास्त आधार लागणाऱ्या अपंग व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. त्यामुळे अर्ज-फॉर्मवर हाच शब्द वापरायचा, तिथे आपली हौस दाखवायची नाही. पण नेमणूकपत्रावर हा शब्द टाकलात तर तिथे मोबदला आहे हे वेगळं सांगावं लागतं.

एकाच प्रकारची मदत असेल तर सर्वसाधारण नावाच्या मागे लागूच नका. परीक्षेत लिहून देणारा तो लेखनिक. कागदपत्रं वाचून दाखवणारा वाचक. सांकेतिक भाषेचा दुभाषी हा दुभाषीच, ‘हातवारे करून सांगणारा’ नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या करारातही वाटाड्या, वाचक आणि सांकेतिक भाषेचे व्यावसायिक दुभाषी यांची नावं वेगवेगळी घेतली आहेत. नोकरीच्या ठिकाणी काम शिकून स्थिरावेपर्यंत सोबत राहणारा तो जॉब कोच. बहिरेपण आणि अंधत्व दोन्ही असलेल्यांना भोवतालचं सगळं स्पर्शातून पोचवणाऱ्याला कॅनडात ‘इंटरव्हेनर’ म्हणतात, अमेरिकेत याच्या जवळच्या कामाला ‘सपोर्ट सर्व्हिस प्रोव्हायडर’.

दुसऱ्याची नावं लावू नका

काही पदनामं कुणालाही लावता येत नाहीत. भारतात १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ वगैरेंना नोंदणी लागते, आणि नोंदणी नसताना पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केलं तर शिक्षेची तरतूद आहे. इंग्लंडमध्ये ‘सोशल वर्कर’ हे नावच कायद्याने राखलेलं आहे. घरोघरी मदतीला जाणाऱ्या माणसाने ते कार्डावर छापलं तर गुन्हा होतो. जपानमध्ये ‘काइगो फुकुशिशी’, म्हणजे प्रमाणित काळजी-कर्मचारी, हे नाव १९८७ च्या कायद्यानुसार नोंदणी झालेल्यांनीच वापरायचं असतं. काम बाकीचे लोकही करतात, नाव वापरू शकत नाहीत.

म्हणून ‘सिस्टर’ म्हणायची सवय सोडावी असं मी म्हणते. लाडाने म्हणता, कबूल. पण नर्स नसलेल्या मुलीला चार लोक सिस्टर म्हणायला लागले की कुणीतरी एक दिवस तिच्या हातात इंजेक्शन देतं. जखमेचं ड्रेसिंग, इंजेक्शन, नळीतून अन्न देणं, कॅथेटर बदलणं, अशा कामांसमोर यादीत खूण करा आणि आपल्याकडे ते नर्सशिवाय कुणाला करता येतं का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. काही ठिकाणी शिकवलेल्या सहाय्यकाला परवानगी असते, काही ठिकाणी नसते. खूण केलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या तर तुम्हाला सहाय्यक आणि नर्स अशी दोन माणसं हवी आहेत. एकाच जाहिरातीत दोन्ही कोंबून, पगार सहाय्यकाचा ठेवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याकडे माणूस टिकत नाही आणि दोष ते माणसाला देतात.

‘थेरपिस्ट’ची गोष्टही तीच. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम रोज करून घेणारा माणूस थेरपिस्ट होत नाही. यादीत लिहा, ‘थेरपिस्टने दिलेल्या तक्त्याप्रमाणे हातापायांचे व्यायाम करवून घेणे’. बस.

देश बदलला की नाव बदलतं

हा भाग मुख्यतः काम शोधणाऱ्यांसाठी, कारण संकेतस्थळांवर चुकीचा शब्द टाकला की चुकीच्या नोकऱ्या समोर येतात.

ब्रिटनमध्ये ‘केअरटेकर’ म्हणजे शाळेची किंवा इमारतीची देखरेख करणारा माणूस, किल्ल्या सांभाळणारा. तिथे ‘केअर वर्कर’, ‘केअर असिस्टंट’, ‘सपोर्ट वर्कर’ हे शब्द शोधा. ‘केअरर’ या शब्दापासून सावध राहा. बोलताना तो पगारी माणसालाही वापरतात, पण सरकारी कागदावर तो सहसा बिनपगारी, घरच्या माणसासाठी असतो. ऑस्ट्रेलियात तर २०१० सालचा केअरर रेकग्निशन कायदाच त्यांच्यासाठी आहे. तिथल्या पगारी माणसाचं नाव ‘डिसॅबिलिटी सपोर्ट वर्कर’. २०१३ च्या कायद्याने आलेल्या तिथल्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेमुळे ते तोंडातोंडी झालं. ‘सपोर्ट कोऑर्डिनेटर’ हे वेगळं पद आहे. ते सेवा जुळवून देतात, अंघोळ घालत नाहीत. ब्रिटनमध्ये ‘पर्सनल असिस्टंट’ हे नाव रुळायला १९९६ सालच्या डायरेक्ट पेमेंट्स कायद्याचा हातभार लागला. त्या कायद्याने मदतीचा पैसा थेट अपंग व्यक्तीच्या हाती देण्याची वाट मोकळी केली, आणि पैसा हाती आल्यावर माणूसही आपला आपण नेमता आला.

अमेरिकेत बौद्धिक आणि विकासात्मक अपंगत्वाच्या क्षेत्रात ‘डायरेक्ट सपोर्ट प्रोफेशनल’ म्हणतात, लघुरूप डीएसपी. ‘होम हेल्थ एड’ आणि ‘पर्सनल केअर एड’ ऐकायला जुळी भावंडं वाटतात, पण मेडिकेअर या तिथल्या सरकारी आरोग्य विम्याची मान्यता असलेल्या संस्थेत होम हेल्थ एडला किमान ७५ तासांचं प्रशिक्षण केंद्रीय नियमाने लागतं. पर्सनल केअर एडला तसा देशभरचा एक नियम नाही, राज्याराज्यांप्रमाणे बदलतो. बायोडेटात एकाच्या जागी दुसरं लिहिलं तर प्रमाणपत्र दाखवा म्हणतील.

सगळ्या देशांना जोडणारा एक आकडा मात्र आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय वर्गीकरणात घरी जाऊन व्यक्तिगत काळजीचं काम करणाऱ्यांचा गट ५३२२ आहे, रुग्णालयात किंवा निवासी संस्थेत तसं काम करणाऱ्यांचा ५३२१. भारताचं २०१५ चं राष्ट्रीय वर्गीकरणही याच चौकटीवर बेतलेलं आहे. आता गंमत बघा: घरकाम करणाऱ्या मदतनीसाचा आकडा ९१११, आणि सुरुवातीचा ९ म्हणजे कौशल्याची सगळ्यात खालची पायरी. ५ ने सुरू होणारे गट त्याच्या वरच्या पायरीवर धरतात. मला खुर्चीत बसवणाऱ्या, रक्तदाबाचा धोका ओळखणाऱ्या मुलीला ‘घरगुती मदतनीस’ असं नोंदवलं की तिची एक पायरी कागदावरच गेली. काम तेवढंच, पायरी खाली.

याची दुसरी बाजूही सांगते. ‘सहाय्यक’ म्हटलं म्हणून घरकामगारांना मिळणारं संरक्षण जाऊ देऊ नका. श्रम संघटनेच्या २०११ च्या करार क्रमांक १८९ प्रमाणे घरात, रोजगाराच्या नात्याने काम करणारा तो घरकामगार, आणि त्याला आठवड्यातून सलग २४ तास तरी सुट्टी मिळायला हवी. तुमच्या देशाने करार मंजूर केलेला असो वा नसो, पाळ्या लावताना हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा.

जाहिरात

माझ्या एका मित्राने, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, स्वतःसाठी लिहिलेली जाहिरात अशी होती: ‘अपंग मुलाला सांभाळण्यासाठी प्रेमळ, प्रामाणिक, चोवीस तास राहणारा माणूस पाहिजे. पगार योग्यतेनुसार.’ मुलगा म्हणजे तो स्वतः, पदवीधर, दाढीवाला. घरच्यांच्या तोंडचं वाक्य त्याने तसंच उचललं होतं.

आम्ही ती बदलून अशी केली: ‘व्यक्तिगत सहाय्यक (पुरुष) पाहिजे. मी नोकरी करतो, इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरतो, बोलणं सावकाश आणि थोडं अस्पष्ट आहे. सकाळी ६ ते ९: अंघोळ, दाढी, कपडे, नाश्ता भरवणे, ऑफिसच्या गाडीत बसवणे. संध्याकाळी ७ ते ९: गाडीतून उतरवणे, जेवण, झोपण्याची तयारी. स्वयंपाक आणि झाडूपोछा या कामात नाही. काय आणि कसं करायचं ते मी सांगेन. माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबता आलं पाहिजे. अनुभव नसला तरी चालेल, शिकवू. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी.’ आणि खाली पगाराचा आकडा.

पहिल्या वाक्यानंतर लगेच ‘मी’ आलाय, ते मुद्दाम. काम कोणासाठी आणि कोणाच्या सांगण्यावरून, हे त्याने एका फटक्यात कळतं. ‘प्रेमळ’ काढलं, कारण प्रेमाची अट जाहिरातीत घालून कुणी प्रेमळ होत नाही. त्याच्या जागी ‘वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबता आलं पाहिजे’ आलं, आणि ते मुलाखतीत पाच मिनिटांत तपासता येतं. पुरुष का, तर अंघोळीचं काम आहे आणि त्याला ते तसंच हवं होतं. अंगाला हात लागणार असेल तर ही पसंती सांगण्यात गैर काही नाही. काय नाही करायचं हे लिहिलेली ओळ सगळ्यात जास्त कामाला येते. घरातल्या इतरांना तयार माणूस दिसला की त्यांची कामं सुचायला लागतात, ‘जरा दळण आण’, ‘जरा पंखे पूस’. तेव्हा ती ओळ दाखवायची.

नको असलेल्या नावांची माझी यादी छोटी आहे. ‘पेशंट अटेंडंट’, माणूस रुग्णालयात नसेल तर. ‘बेबीसिटर’, प्रौढ माणसासाठी, कधीच नाही. ‘सेवक’, कारण त्याने एक जण देव होतो आणि दुसरा पायाशी बसतो, आणि मला दोन्ही जागा नको आहेत. ‘दिव्यांग मित्र’ वगैरे गोड नावं कार्यक्रमाच्या बॅनरवर शोभतात. त्यांचा पगार ठरवता येत नाही. ‘सहकारी’ मला आवडतं, पण त्यातून काम कळत नाही.

घरचा माणूसच हे काम करत असेल तर? पैसे देत असाल किंवा योजनेतून मिळत असतील तर त्या कामाच्या तासांपुरतं पदनाम द्या आणि तास लिहून ठेवा. नवरा नवराच राहतो, पण सकाळचे दोन तास तो सहाय्यक आहे हे ठरलेलं असलं की त्या दोन तासांत मी ‘असं नको, तसं कर’ हे निःसंकोच सांगू शकते. आमच्याकडे हे चालतं. काही घरांत यावरून अबोला धरतील. तिथे जबरदस्ती करू नये.

अनुभवपत्र

माणूस सोडून जाताना त्याला कागद द्या. बहुतेक जण ‘मेहनती व विश्वासू आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ एवढं लिहून मोकळे होतात. त्याने पुढच्या मालकाला काहीच कळत नाही. पदनाम ठळक घाला, कंसात ५३२२ लिहा, कधीपासून कधीपर्यंत आणि आठवड्याचे तास किती ते लिहा. मग सुरुवातीच्या क्रियापदांच्या यादीतली महत्त्वाची कामं जशीच्या तशी उतरवा: ट्रान्सफर बोर्डने स्थलांतर, होइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) वापरला असेल तर तो, त्वचेची रोजची तपासणी, कॅथेटरची पिशवी रिकामी करून मोजमापाची नोंद, ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सियाची लक्षणं ओळखून पहिली मदत. नवीन माणसाला शिकवलं असेल तर तेही लिहा. त्याने पुढे ‘वरिष्ठ सहाय्यक’ म्हणून अर्ज करता येतो.

तुमच्या खासगी गोष्टी त्यात येऊ देऊ नका. काम सांगायला आजाराचा इतिहास लागत नाही. ‘मज्जारज्जूला इजा असलेल्या प्रौढ व्यक्तीसोबत’ एवढं पुरतं.

कामात मध्ये बदल झाला असेल, म्हणजे आधी फक्त सकाळची अंघोळ-कपडे होते आणि नंतर ऑफिसला सोबत जाणंही आलं, तर दोन ओळी करा, दोन्हींच्या तारखा वेगळ्या. सही करण्याआधी मजकूर त्या माणसाला दाखवा. सुटलेलं काम त्यालाच आठवतं. इंग्रजीत हवा असेल तर ‘व्यक्तिगत सहाय्यक’च्या जागी तो जिथे अर्ज करणार आहे त्या देशातला शब्द घाला आणि मराठी नावही राहू द्या. एक प्रत स्वतःजवळ ठेवा. पडताळणीचा फोन बरेचदा दोन वर्षांनी येतो, आणि तेव्हा त्याची पाळी सकाळची होती की संध्याकाळची हे कुणाच्या लक्षात असतं.